आईची पिशवी ४ किलो, माझी ट्रॉली १९

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो, तेच वाक्य दोनदा बोललो, ते तेवढं काढलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तसा साधा आहे. प्रवासात कपडे कमी कसे न्यायचे. हेडफोन लावून सॅक भरत भरत ऐकलंत तरी चालेल, उलट बरंच होईल.

आधी फजिती सांगतो, माझीच. दिवाळीची गोष्ट. आई पुण्याला माझ्याकडे होती. तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. चालायला लागली होती, पण जिना म्हटलं की हात धरावा लागायचा. दिवाळीला आम्ही दोघं वर्ध्याला निघालो, रात्रभराची गाडी. माझं सामान म्हणजे एक मोठी ट्रॉली, पाठीवर लॅपटॉपची सॅक आणि फराळाची पिशवी. आईचं सामान एक कापडी पिशवी. तीही मीच घेतली, कारण मी मुलगा ना तिचा, तिला कसं उचलू देऊ.

सकाळी गाडी वर्ध्याला आली. तुम्हाला माहितीये, गाडी काही तिथे मुक्कामाला थांबत नाही. आधी ट्रॉली उतरवली, मग पिशव्या, मग आई. इथपर्यंत ठीक होतं. मग जिना आला. माझ्या उजव्या हातात ट्रॉली, डाव्या हातात दोन पिशव्या, पाठीवर सॅक. मी पुढे चढलो आणि चार पायऱ्यांवर जाऊन मागे वळून म्हणालो, "आई, सावकाश ये गं." बस, एवढीच माझी मदत. उतरताना दोन पायऱ्यांवर तिचा पाय सरकला. पडली नाही, कारण मागून येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीने तिचा दंड धरला. पुढे खालपर्यंत त्या मुलीने तिला हात धरून आणलं. मी मागे ट्रॉली आदळत, खाड खाड खाड. आईचा गुडघा आठ दिवस सुजलेला होता. लक्ष्मीपूजनाला ती खुर्चीवर बसून होती.

घरी आल्यावर दोन्ही सामानं धान्याच्या काट्यावर ठेवली. ट्रॉली १९ किलो. आईची पिशवी ४ किलो. सहा दिवसांसाठी दोघंही तेवढ्याच दिवसांसाठी आलो होतो! पुण्याला परत निघताना मी ट्रॉली परत भरत होतो तेव्हा लक्षात आलं की नऊपैकी पाच टी-शर्टांची घडीही मोडलेली नव्हती. तीन जीन्सपैकी एकच घातली. हूडी काढलीच नाही. बूट एकदा. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "एवढं कायले आणलं होतं रे? दुकान टाकाचं होतं का?"

त्या दिवसापासून मी हा विषय जरा मनावर घेतला. इंजिनिअर माणूस, म्हणजे आधी एक्सेल शीट झाली. प्रत्येक कपडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहिलं. माझी जीन्स ७२० ग्रॅम. साधी सुती पँट ३४० ग्रॅम. टी-शर्ट १७० च्या आसपास. टर्किश टॉवेल, ऐका हं, ५६० ग्रॅम. आणि बाबांचा पंचा १४० ग्रॅम. म्हणजे एका टॉवेलच्या वजनात चार पंचे येतात. हे आकडे माझ्या कपड्यांचे आहेत, तुमचे थोडे वेगळे निघतील. पण एकदा मोजून बघाच. मोजल्याशिवाय आपल्याला वाटतं की वजन कपड्यांचं आहे. ते नसतं. ते जीन्स, टॉवेल, बूट आणि "असू दे, लागलं तर" या चौघांचं असतं.

आता यूट्यूबवर या विषयाचे जे व्हिडिओ आहेत, त्यातले निम्मे घडी कशी घालायची यावर आहेत. कपडे रोल करा, क्यूबमध्ये भरा, हवा काढणाऱ्या पिशव्या घ्या. मी सगळं केलं. पैसेही घातले. आणि माझं मत असं झालंय की हा झिप फाइलचा प्रकार आहे. फोल्डर झिप केलं की जागा कमी लागते, पण इथे झिप केल्यावर वजन एक ग्रॅमही कमी होत नाही. उलट जागा झाली म्हणून आपण अजून दोन टी-शर्ट टाकतो. हवा काढणाऱ्या पिशवीचा तर त्रासच जास्त. जाताना घरी व्हॅक्यूम क्लिनर असतो, येताना नसतो. मग तेच कपडे फुगतात आणि सॅकची चेन लागत नाही.

रोल करण्यात वाईट काही नाही. टी-शर्ट, पायजमा, आतले कपडे गुंडाळलेले बरे. कोपऱ्यात बसतात, वरचा कपडा काढला तर खालचे विस्कटत नाहीत. पण हे काही परदेशातून आलेलं शास्त्र नाही बरं का. आपल्याकडे वळकटी हा शब्द कधीपासूनचा आहे. आजोबा अंथरुणाची वळकटी करून प्रवासाला निघायचे. आणि ज्याला व्हिडिओवाले बंडल म्हणतात, म्हणजे एक कपडा पसरायचा, त्यावर दुसरा, मधे छोटे कपडे ठेवायचे आणि सगळं एकावर एक आत दुमडत आणायचं, ते आपलं बोचकं आहे. जुन्या धोतराच्या तुकड्यात कपडे ठेवून चार टोकांची गाठ मारली की झालं. शर्टासाठी ही पद्धत खरंच चांगली आहे, कारण शर्ट कडक घडीत मोडत नाही, मधल्या गठ्ठ्याभोवती गोल वळतो, आणि गोल वळलेल्या कापडावर सुरकुती कमी पडते. दोन शर्ट असतील तर ते बाहेरून, बाकीचं आत.

आईच्या पिशवीत आणखी एक गोष्ट दिसली. साडीच्या घडीतच तिचं ब्लाउज आणि परकर. एक साडी काढली की पूर्ण सेट हातात. शोधाशोध नाही, पिशवी उपसणं नाही. हे ती कुठे शिकली विचारलं तर म्हणाली, "त्यात काय शिकाचं?" ताई सांगते की हॉस्टेलला जाताना तीही तसंच करायची, कुर्त्याच्या घडीत सलवार आणि ओढणी. मुलींनो, तुमच्यापैकी अनेकींना हे माहीत असेल, मला एकोणतिसाव्या वर्षी कळलं.

पण आईची पिशवी चार किलोची का होती, याचं खरं उत्तर घडीत नव्हतं. ती फक्त तीन साड्या घेऊन आली होती. एक नेसलेली, दोन पिशवीत. रोज आंघोळीबरोबर एक धुऊन दोरीवर. सहा दिवस असोत की साठ, तिच्या हिशेबात तीनच. माझ्या हिशेबात दिवस गुणिले कपडे. चूक इथे होती. दिवस मोजायचेच नाहीत. वाळायला किती वेळ लागतो ते मोजायचं.

हे म्हणताना मला आमच्या वर्ध्याचं एक जुनं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सेवाग्राम आमच्या घरापासून सायकलवर जाण्याइतकं. शाळेची सहल दरवर्षी तिथेच. बापूकुटी बघायची, खडावा बघायच्या, काठी बघायची, झाडाखाली डबा खायचा आणि घरी. लहानपणी कंटाळा यायचा. पण गांधीजी सेगावला राहायला आले १९३६ मध्ये, त्याच्या पाच वर्षं आधीचा एक प्रवास आहे, तो मला आता जास्त इंटरेस्टिंग वाटतो.

१९३१. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी २९ ऑगस्टला मुंबईहून राजपुताना नावाच्या बोटीने लंडनला निघाले. बरोबर महादेवभाई देसाई, प्यारेलाल, मीराबेन, मुलगा देवदास. इंग्लंडची थंडी, मोठी परिषद, म्हणून बरोबरच्या मंडळींनी बरंच सामान घेतलेलं. काही लोकांनी प्रेमाने दिलेलं. म्हणजे आपल्या घरी होतं तसंच, "घेऊन जा, लागेल". बोटीवर गांधीजींनी ते सामान बघितलं आणि फार नाराज झाले. हिशेब मागितला, हे कशाला, ते कशाला. शेवटी एडन बंदरात सातेक सुटकेसा आणि ट्रंका उतरवून परत मुंबईला पाठवल्या. विचार करा, बोट निघून गेलेली, मधे समुद्र, आणि हे लोक बॅगा रिटर्न करतायत. डिलिव्हरी झाल्यावर रिटर्न टाकण्याची कल्पना जुनीच आहे म्हणायची.

पुढे ११ सप्टेंबरला मार्सेयला, फ्रान्समध्ये, कस्टमच्या माणसाने त्यांना सामान विचारलं. त्यांनी सांगितलेली यादी प्रसिद्ध आहे. सहा चरखे, तुरुंगातली भांडी, शेळीच्या दुधाचा डबा, खादीचे सहा पंचे आणि टॉवेल. आणि वर आपली अब्रू, जिची किंमत फारशी नसावी, असं गमतीने. ते मुंबईला परत आले २८ डिसेंबरला. म्हणजे चार महिने, युरोपातला शरद आणि हिवाळा, आणि कपड्यांच्या यादीत सहा पंचे. वरून शाल होतीच. त्याच वेषात ते बकिंगहॅम राजवाड्यात राजाला भेटायला गेले. समारंभाचा वेगळा ड्रेस नाही.

आता लगेच मला मेसेज करू नका की अरे, त्यांना क्लायंट मीटिंगला फॉर्मल घालायचं नव्हतं. मान्य. मी पंचा नेसून कंपनीत गेलो तर गेटवरच थांबवतील. आणि तो वेष त्यांनी १९२१ मध्ये मदुराईला घेतला तो काही सॅक हलकी व्हावी म्हणून नाही, गरीब माणसाला अंगभर कापड परवडत नाही म्हणून. त्यामागचं कारण फार मोठं आहे, मी त्याची पॅकिंग टिप करणार नाही. मी फक्त एक तांत्रिक गोष्ट उचलतोय. पंचा. पातळ, सरळ, शिवण नसलेलं सुती कापड. कापड जाड होतं, दुमडलं जातं, शिवण येते, खिसा येतो, तिथे पाणी अडकतं. जीन्स धुऊन बघा, पाय वाळतात आणि खिसे, कंबरपट्टा दुसऱ्या दिवशीपर्यंत ओले. म्हणून कपडा घेताना माझी परीक्षा एकच: रात्री धुतला तर सकाळी घालता येईल का?

मी हे घरी सगळ्या कपड्यांवर करून बघितलं. मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा प्रश्नच नाही, पातळ सुती शर्ट गच्चीवर टाकला आणि चहा करून आलो तर वाळलेला. पावसाळ्यात उलट. जुलैत पुण्याच्या फ्लॅटमध्ये सुती टी-शर्ट पंख्याखाली रात्रभर टाकूनही काखेत ओला राहायचा. सुती कापड पाणी धरून ठेवतं. पॉलिस्टर धरत नाही, झटकन वाळतं, पण घामाचा वास धरतं, आणि आपल्याकडच्या उन्हात अंगाला चिकटतं. म्हणून माझा नियम असा झाला: उन्हाळ्यात सगळं सुती, पातळ. पावसाळ्यात मिश्र कापड, किंवा सुती असेल तर एक नग जास्त. हिवाळ्यात जाड हूडी नाही, दोन पातळ थर. आतून थर्मल, वरून शर्ट, त्यावर एक साधं पातळ जॅकेट. डिसेंबरात वर्ध्याची पहाट बोचरी असते, पण दुपारी बारा वाजता तुम्ही हूडी हातात धरून फिरत असता. थर असले की एक काढून सॅकमध्ये टाकता येतो.

आणि एक युक्ती, जी मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय. कपडा हाताने पिळला तरी त्यात बरंच पाणी राहतं. कोरडा पंचा पलंगावर पसरा, त्यावर पिळलेला शर्ट ठेवा, दोन्हीची मिळून घट्ट वळकटी करा आणि त्यावर गुडघा देऊन दाबा. किंवा दोघांनी दोन टोकं धरून पिळा. पंचा पाणी ओढून घेतो. मग शर्ट झटका आणि टाका. पंखा असेल तर सकाळपर्यंत होतो, पावसाळ्यातसुद्धा बहुतेक वेळा. पंचा स्वतः तासा-दोन तासांत वाळतो. म्हणून टॉवेल घरी, पंचा बरोबर. तो आंघोळीला, तो उन्हात डोक्याला, गाडीत खिडकीशी मान टेकवायला, आणि एसी डब्यात पायावर.

दोरीसाठी पायजम्याची दोन-अडीच मीटर नाडी घ्या. ती लांबी दुप्पट करून तिला पीळ द्या, टोकं बांधा, आणि पिळाच्या मधे कपड्याचं टोक खोचा. चिमटे नकोत. चार सेफ्टी पिना मात्र ठेवा. साबणाला शॅम्पूची एक पुडी पुरते.

तर आता माझं गणित: एक अंगावर, एक दोरीवर, एक पिशवीत. वरचे कपडे तीन, त्यातला एक कॉलरचा शर्ट. पँट दोन, एक घातलेली. आतले कपडे चार, कारण इथे कंजूषी करायची नाही. मोजे दोन जोड. झोपायला पातळ पायजमा. बूट किंवा चप्पल यातलं जे जड ते पायात, दुसरं सॅकमध्ये, आणि बुटाच्या आत मोजे. रंग असे की कोणतंही वरचं कोणत्याही खालच्यावर चालेल. चार्जर आणि लॅपटॉप धरून माझी सॅक साडेसहा किलोच्या आत बसते. विमानात हातातल्या सामानाला साधारण सात किलो देतात, त्यातही बसतं. रेल्वे स्लीपरला ४० किलो फुकट नेऊ देते. पण ते ४० किलो जिन्यावरून तुम्हालाच चढवायचे असतात.

लग्न असेल तर? हा प्रश्न हमखास येतो. लग्नाला जाताना कुर्ता घ्यावा लागतो, घ्या. बोचक्यात सगळ्यात बाहेर तो. पण घरी, गावी जात असाल तर मी एक केलंय. आईच्या कपाटातला एक कप्पा माझा. एक कुर्ता, एक जुनी पँट, एक स्वेटर, चप्पल. वर्षातून तीनदा जातो, तीनदा तेच घालतो. नातेवाईकांच्या फोटोत मी प्रत्येक दिवाळीला त्याच निळ्या कुर्त्यात आहे. मामांनी एकदा विचारलं, "पुण्यात पगार नाही का देत?" देतात, मामा.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, खोटं कशाला बोलू. येतानाचं वजन. जाताना साडेसहा किलो नेतो आणि येताना तूरडाळ, कुरड्या, लोणच्याची बरणी, काय काय. आईला नाही म्हणता येत नाही. मागच्या खेपेला मी फक्त एवढं केलं की सॅकच्या तळाशी एक रिकामी कापडी पिशवी घडी करून नेली आणि आईला सांगितलं, या पिशवीत मावेल तेवढं. तिने ती पिशवी हातात घेऊन ताणून बघितली आणि म्हणाली, "मावते बरंच."

यंदा मे महिन्यात आम्ही परत एकत्र गेलो. गाडी तीच, जिना तोच. माझी सॅक पाठीवर, आईची पिशवी माझ्या खांद्याला. उजवा हात मोकळा. आईने पहिल्या पायरीशी हात धरला आणि वरपर्यंत सोडला नाही. वर गेल्यावर म्हणाली, "घाम आला तुह्या हाताले." मग पदराने स्वतःचा हात पुसला आणि उतरायला परत धरला.

तुमच्या सॅकचं वजन किती भरलं ते मला कळवा. आणि कोणी पावसाळ्यात जीन्स एका रात्रीत वाळवून दाखवली तर नक्की कळवा, मला अजून जमलेलं नाही. भेटू पुढच्या एपिसोडला.